इकेदाचे स्टेशन

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला लोक 'काय काय पाहिलेत?' असे विचारतात, आणि त्या प्रश्नातच त्यांना हवे असलेले उत्तर दडलेले असते. मी जपानला जाऊन आलो हे कळल्यावर कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांपैकी कोणाला फुजीचा डोंगर हवा होता, कोणाला चेरीचा बहर हवा होता, कोणाला बाणासारखी सुटणारी ती प्रसिद्ध गाडी हवी होती. मी म्हणालो, "एक रेल्वे स्टेशन पाहिलं." सगळे हसले. मराठीचे प्राध्यापक विनोद करतात अशी समजूत असते. तिच्यात ते उत्तर खपून गेले.

पण मी खरे तेच सांगत होतो. महिन्याभराच्या मुक्कामात मी एखादी गोष्ट मनापासून पाहिली असेल, तर ती ओसाका शहराच्या उत्तरेला, उपनगरात असलेले इकेदा नावाचे स्टेशन. ताजमहालासारखे पाहण्याजोगे त्यात काही नाही. उंचावरून गेलेले दोन रूळ, त्यांच्यामध्ये एक लांबलचक फलाट, खाली उतरायला जिने, आणि तिकिटे तपासणारी फाटके. तरी आज डोळे मिटले की मला जपान दिसतो तो त्या फाटकातूनच.

मी तिथे हिंडायला गेलो नव्हतो. मला आईने धाडले होते. माझी धाकटी बहीण अकरा वर्षांपासून इकेदाला राहते. मेहुणे ओसाकातल्या एका कंपनीत होते. दोन वर्षांपूर्वी ते कामावर असतानाच हृदयविकाराने गेले. त्या वेळी माझ्या पासपोर्टची मुदत संपलेली होती. मी पोचू शकलो नाही. आईने ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही, आणि मी ती कधी विसरलो नाही. पुढे धाकटीने तिकडेच एका कचेरीत नोकरी धरली. भाचीचे शिक्षण चालू होते. 'सध्या इथेच राहते' असे ती फोनवर म्हणायची, आणि त्यातला 'सध्या' हा शब्द आईने घट्ट धरून ठेवला होता. डोंबिवलीच्या घरातली आतली खोली तिने रिकामी करून ठेवली. मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा मला म्हणाली, "भाची सोळाची झाली. दोघीच बायका परमुलखात किती दिवस राहणार? तू जा आणि तिला घेऊन ये."

तेव्हा मी बहिणीला आणायला गेलो होतो. दिवाळसणाला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, तसा.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. पहाटे उठून धाकटीने डबे भरले, मला चहा दिला, आणि पावणेसातला दोघी दाराशी उभ्या राहिल्या. मी मनाशी जुळवून ठेवलेले भाषण तसेच राहिले. "दादा, सव्वासातची गाडी आहे. संध्याकाळी बोलू." मग मीच त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो, आणि तोच माझा रोजचा परिपाठ झाला. धाकटी सायकल हातात धरून माझ्या बरोबरीने चालायची. स्टेशनजवळच्या सायकलींच्या तळावर ती सायकल लावायची, आणि मग दोघी फाटकातून आत जायच्या. कार्ड टेकवले की फाटक उघडते. इकडचे लोक त्या फाटकापाशी क्षणभरही रेंगाळत नाहीत. रेंगाळणारा मी एकटाच.

आत जाताना भाची मागे वळून म्हणायची, "इत्ते किमास!" मी पहिल्या दिवशी नुसता हात हलवला. दुसऱ्या दिवशी अर्थ विचारला. "म्हणजे जाऊन येते," ती म्हणाली. मी चकित झालो. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येते. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असे मला माझ्या आजीने मारून मुटकून शिकवले होते. ही रीत फक्त आपली, असे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आता त्या विधानाला दुरुस्ती हवी. आणि घरात मागे राहणाऱ्याने काय म्हणायचे, तेही ठरलेले आहे: "इत्ते राश्शाइ," म्हणजे जाऊन या. परत आल्यावर येणारा म्हणतो "तादाइमा," हा आत्ता आलो. आणि घरचे म्हणतात "ओकाएरी," आलास ना परत! जाण्यायेण्याचा एवढा पुरता हिशेब मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेला नाही.

मी डोंबिवलीत वाढलो. माझे वडील छत्तीस वर्षे तिथून बोरीबंदरला जात होते. गाडीची वेळ हीच माणसाची ओळख असते, हे मला कोणी शिकवायला नको. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि जपानची पहिली गाडी १८७२ मध्ये. म्हणजे गाडीच्या बाबतीत आपण त्यांचे थोरले भाऊ. पण त्या सकाळी मी जे पाहत होतो ते निराळे होते. गर्दी होती, चांगली दाट गर्दी होती. पण फलाटावर दार कुठे उघडणार त्याच्या खुणा होत्या, आणि लोक त्या खुणांपाशी रांगा धरून उभे होते. सरकत्या जिन्यावर सगळे उजव्या बाजूला उभे राहतात आणि घाई असलेल्याला डावीकडून वाट देतात. तोक्योत नेमके याच्या उलट, असे भाचीने सांगितले; आणि ओसाकावाल्यांना त्याचा थोडा अभिमानही आहे. गाडी येते ती आमसुलाच्या रंगाची. त्या कंपनीच्या सगळ्या गाड्या त्याच रंगाच्या. आत लाकडाच्या पोताच्या भिंती आणि हिरव्या मखमलीसारखी आसने. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात बसून कचेरीला जावे, तसे.

ही रेल्वे सरकारी नाही. हान्क्यू नावाच्या खाजगी कंपनीची आहे. आपली जीआयपी रेल्वेही कंपनीचीच होती आणि १९२५ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, हे मला ठाऊक होते. त्यामुळे खाजगी रेल्वेचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढची हकीकत कळल्यावर. दुपारी दोघी घरात नसायच्या. मला वाचायला पुस्तक नव्हते, बोलायला भाषा नव्हती. तेव्हा मी गावात भटकत असे. असाच एकदा एका टुमदार घरापाशी पोचलो. ते इचिझो कोबायाशी या गृहस्थाचे स्मारक निघाले. मग रविवारी भाचीला दुभाषी म्हणून बरोबर घेऊन पुन्हा गेलो.

हा कोबायाशी १८७३ मध्ये जन्मला. तरुणपणी त्याला कादंबरीकार व्हायचे होते. विद्यार्थी असतानाच त्याची एक कादंबरी वर्तमानपत्रात क्रमशः छापली गेली होती. पण पोटासाठी बँकेत शिरला, आणि पुढे एका नव्या रेल्वे कंपनीच्या कारभारात येऊन पडला. ही रेल्वे ओसाकाच्या उमेदा भागातून निघून शेतांमधून ताकाराझुका नावाच्या गरम झऱ्यांच्या गावाकडे जायची होती. वाटेत मोठे शहर नाही, बंदर नाही, बाजारपेठ नाही. बसणार कोण? जाणत्या लोकांनी ही कंपनी बुडणार असे ठरवून टाकले.

त्यावर कोबायाशीने जो विचार केला तो एखाद्या कादंबरीकारालाच सुचावा. गाडीत बसायला माणसे नाहीत ना? मग माणसे आधी निर्माण करू. रुळांच्या कडेची जमीन स्वस्त होती; कंपनीने ती घेऊन ठेवली. ओसाका तेव्हा गिरण्यांच्या धुराने काळवंडलेले होते. त्याने १९०९ मध्ये एक पत्रक छापून शहरातल्या लोकांना विचारले, की राहायला कोणती जमीन निवडावी आणि घर कसे असावे? आणि १० मार्च १९१० रोजी गाडी सुरू झाली. त्याच वर्षी इकेदा स्टेशनजवळ सुमारे दोनशे घरांची वसाहत विक्रीला निघाली. प्रत्येक घराला सुमारे साडेतीन हजार चौरस फुटांची जागा, बाग करण्याइतकी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे थोडी रक्कम आधी भरायची आणि उरलेली दहा वर्षांच्या हप्त्यांनी. पगारदार माणसाला, तुमच्या-माझ्यासारख्या कारकून-मास्तराला, स्वतःचे घर मिळू शकते, ही कल्पनाच त्या देशात तेव्हा नवी होती.

पुढचे ऐकाल तर हसाल. सकाळी गाड्या शहराकडे भरून जातात आणि उलट दिशेला रिकाम्या, म्हणून त्या टोकाला, ताकाराझुकाला, त्याने करमणूक उभी केली. स्नानगृहे काढली, पोहण्याचा तलाव काढला, तो चालला नाही, मग मुलींचे गायनवृंद काढले, आणि १९१४ मध्ये त्यांचा पहिला प्रयोग झाला. सगळ्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या अशी ती नाटक मंडळी आजही हाऊसफुल्ल चालते. आपल्याकडे त्याच सुमारास बालगंधर्व लुगडे नेसून रंगभूमी गाजवीत होते, आणि तिकडे मुली पुरुषी वेष चढवून गाजवू लागल्या! उमेदा स्टेशनवर १९२९ मध्ये त्याने भलेमोठे दुकान थाटले, की संध्याकाळी घरी जाणारा माणूस गाडीत चढण्यापूर्वी तिथेच खरेदी करील. घर कंपनीचे, गाडी कंपनीची, दुकान कंपनीचे, नाटक कंपनीचे. सगळ्या बाजूंनी माणूस बांधलेला. पुढे जपानातल्या कित्येक खाजगी रेल्वेंनी हाच कित्ता गिरवला.

वाचकहो, मी भाबडा नाही. हा सगळा व्यापार होता, हे मला कळते. घर गावाबाहेर आणि पोट शहरात, अशी माणसाची दोन तुकड्यांत वाटणी करून मधल्या सोळा किलोमीटरांचे भाडे घ्यायचे, असाही त्याचा अर्थ लावता येईल. रात्री दहा-अकराच्या गाडीतून उतरणारे पुरुष मी पाहिले आहेत. बॅग छातीशी धरून उभ्याउभ्या झोपलेले, आपले स्टेशन आले की नेमके जागे होणारे. माझे वडील डोंबिवलीला असेच जागे व्हायचे. पण एक फरक मनातून जात नाही. आमच्याकडे गाडी आधी आली आणि माणसे मागून जमेल तशी, जागा मिळेल तिथे येऊन राहिली. इथे संध्याकाळी दमून उतरणारा माणूस कुठल्या घरात शिरणार, याचा विचार रूळ टाकणाऱ्याने आधी केला होता. स्टेशन म्हणजे जाण्याची जागा असे मी समजत होतो. कोबायाशीच्या लेखी ती परत येण्याची जागा होती. तो स्वतःही इकेदालाच राहिला आणि १९५७ मध्ये वारला.

त्या जुन्या वसाहतीत एक देऊळ आहे, कुरेहा नावाचे. त्याची दंतकथा अशी, की फार पूर्वी समुद्रापलीकडून, चीनमधून, विणकर स्त्रिया इथे आल्या. इथल्या लोकांना त्यांनी रेशीम विणायला शिकवले. रात्रीही माग थांबत नसे, तेव्हा तारे खाली उतरून त्यांना उजेड दाखवीत. त्या परत गेल्या नाहीत. इथेच राहिल्या, इथेच देव झाल्या. आणि गंमत अशी, की देवळाच्या नावाची जी दोन अक्षरे आहेत, तीच दोन अक्षरे निराळ्या उच्चाराने वाचली की 'गोफुकु' होते, म्हणजे किमोनोचे कापड. संस्कृतातला 'चीनांशुक' आठवला. कापड ज्या मुलखातून येते त्या मुलखाचे नाव त्याला चिकटते. पण इथे कापडाबरोबर बायकाही आल्या आणि गावाच्या झाल्या. मी त्या देवळासमोर बराच वेळ उभा राहिलो. आईने सोपवलेले काम मनात होते, आणि ते देऊळ काही माझ्या बाजूने बोलत नव्हते.

जूनच्या सुरुवातीला पाऊस लागला. तिकडे त्याला 'त्सुयू' म्हणतात. ज्या अक्षराने उमेदातला 'उमे' लिहितात, त्याच अक्षराने या पावसाचे नाव लिहितात. ते एका आंबट फळाचे नाव आहे, त्या दिवसांत पिकणाऱ्या. मला मात्र 'उमेदा' ऐकले की आपली 'उमेद'च आठवायची. तर त्या संध्याकाळी मी छत्री घेऊन धाकटीला आणायला स्टेशनवर गेलो. फाटकाबाहेर माझ्यासारखेच छत्र्या घेतलेले चारसहा जण उभे होते. गाडी आली, लोंढा खाली उतरला, आणि ती दिसली. मी न ठरवताच म्हणालो, "ओकाएरी." ती थबकली, हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "दोन वर्षांत मला इथे कोणी असं म्हटलं नव्हतं."

आम्ही सायकलींच्या तळावर गेलो. तिथे काम पाहणारा एक म्हातारा असतो. त्याने तिला पाहून मान लववली, मलाही लववली, आणि फडक्याने सायकलचे बसण्याचे आसन पुसून दिले. वाटेत मी विचारले, "ओळखीचा आहे वाटतं?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही सायकल ह्यांची आहे, दादा. त्या दिवशीही 'जाऊन येतो' म्हणून हिच्यावर बसून गेले होते. इथे लावली आणि गाडीत चढले. पुढे सगळ्या धावपळीत सायकलची आठवणच राहिली नाही मला. तीन आठवडे झाले असतील. महिन्याचे पैसे संपले होते, कोणी हलवलीही असती. मी आले तर ती जागच्या जागी होती. आसनाला पावसाचं पाणी लागू नये म्हणून याने प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. मला भाषा येत होती, पण शब्द सुचेना. त्यानेही काही विचारलं नाही. नुसती खाली वाकून सायकल माझ्या हातात दिली."

पाऊस छत्रीवर वाजत होता. आता बोलायलाच हवे असे मला वाटले. मी म्हणालो, "आईने मला कशाला पाठवलंय, ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तू आलास त्या रात्रीच ओळखलं. रोज सकाळी तुझ्या तोंडावर दिसतं की." ती हसली. मग हळूच म्हणाली, "तिकडे आले तर सगळे माझं मायेने करतील, दादा. मला माहीत आहे ते. पण तिकडे मी 'बिचारी' होईन. इथे मी सव्वासातच्या गाडीची एक बाई आहे. सकाळी फाटकातून जाते, संध्याकाळी परत येते. परत येते, एवढंच मला पुरे आहे."

मी वर्गात तासन्‌तास बोलणारा माणूस. त्यावर मला एकही वाक्य सुचले नाही. मी तिच्या हातातली सायकल घेतली आणि ढकलू लागलो.

निघायच्या दिवशी दोघी मला पोचवायला स्टेशनवर आल्या. त्या दिवशी रविवार होता. फाटकातून आत मी एकटाच जायचो होतो. भाची म्हणाली, "मामा, काय म्हणायचं असतं?" मी म्हणालो, "इत्ते किमास." ती खूश झाली. धाकटी मराठीतच म्हणाली, "ये हं, दादा." गाडी सुटली तेव्हा वरून खालच्या रस्त्याचा एक तुकडा दिसला. दोघी सायकल घेऊन घराकडे चालल्या होत्या. मागे वळून पाहत नव्हत्या.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिले. काही बोलली नाही. मी हातपाय धुतले, चहा घेतला, आणलेल्या वस्तू काढून दाखवल्या. फोटो दाखवले. त्यात कोबायाशीचे घर होते, देऊळ होते, आमसुली गाडी होती. ती सगळे पाहत होती. छत्तीस वर्षे संध्याकाळी गॅलरीत उभी राहून स्टेशनच्या रस्त्याकडे डोळे लावलेली ती बाई. शेवटी तिने विचारले, "घर स्टेशनपासून किती लांब आहे?"

"चालत पंधरा मिनिटं. सायकलने सहा."

"सायकल कोणाची?"

"मेहुण्यांची."

आईने तो फोटो पुन्हा हातात घेतला, चष्मा सारखा केला, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "चाकांत हवा भरते ना वेळच्या वेळी?"

मी म्हणालो, "भरते."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि आतल्या खोलीतल्या खाटेवरची नवी चादर काढून घडी घालायला गेली.